मातीशी उभा दावा

पुण्यामुंबईत हल्ली मातीवर प्रेम करण्याचे शनिवार-रविवारचे वर्ग निघाले आहेत. पैसे भरायचे, ॲप्रन बांधायचा, विजेच्या चाकावर मूठभर गोळा ठेवायचा आणि दोन तासांनी वाटी म्हणावी की राखदाणी, असा प्रश्न पाडणारी एक वस्तू घेऊन घरी यायचं. आल्यावर प्रत्येकजण एकच गोष्ट सांगतो, की माती आपल्याशी बोलते. आमच्या वर्धा जिल्ह्यातही माती बोलते. फक्त तिला कुंभाराकडून मिळणारी उत्तरं छापण्याजोगी नसतात.

खरा कुंभार ओळखायची माझी खूण सोपी आहे. तो मातीबद्दल कधी चांगलं बोलत नाही. 'मातीत हात घातला की मन कसं शांत होतं' हे वाक्य ज्याच्या तोंडून निघेल, त्याचं घर दुसऱ्याच कुठल्या पगारावर चालतं असं खुशाल समजावं. ज्याचं घर मातीवर चालतं त्याचा तिच्याशी उभा दावा असतो. दावा आजोबांनी लावलेला, बापानं चालवलेला. तारखा पडत राहतात, निकाल लागत नाही आणि तडजोडीला दोन्ही पक्ष तयार नाहीत.

आमच्याकडच्या एका कुंभारकाकांना मी लेखकी थाटात विचारलं, "काका, तुम्हाला प्रेरणा कुठून मिळते?"

चाकावरचा हात न काढता ते म्हणाले, "थे काय असते जी?"

"म्हणजे, हे सगळं करावंसं कशामुळं वाटतं?"

"पोळा आठ दिसावर आला नं बाप्पा!"

पुढं मी प्रेरणेचा विषय काढला नाही. मातीचा काढला, आणि मग काकांना थांबवणं अवघड झालं. "ह्या मातीनं माया बापाले छळलं, आता मले छळू रायली," इथून कैफियतीला सुरुवात झाली.

कैफियतीत तथ्य आहे. वर्ध्याची माती काळी, बेसाल्टच्या खडकाची झीज होऊन झालेली. पावसात ती फुगते, उन्हात आक्रसते. एप्रिल-मे महिन्यांत शेतात अशा भेगा पडतात की चप्पल अडकावी. कापसाला ही माती मानवते, म्हणून तिचा सगळीकडे गौरव. पण भेगा पडणं हा शेताचा स्वभाव असला तर चालतो, माठाचा असून चालत नाही. त्यामुळं कपाशीच्या जिल्ह्यात कुंभाराला मडक्याची माती शोधत फिरावं लागतं. तळ्याचा गाळ बघायचा, नाल्याकाठची चिकण बघायची, त्यात बारीक वाळू, राख आणि लीद कालवायची. प्रमाण कुठं लिहिलेलं नसतं. दोन बोटांत माती चोळायची आणि तोंड वाकडं करायचं. तोंड किती वाकडं झालं त्यावर वाळू किती ते ठरतं.

"ह्या नाल्याची माती लबाड हाय," काका सांगतात. "चाकावर हो-हो म्हणते अन् आव्यात दगा देते." आवा म्हणजे मडकी भाजायची भट्टी.

"आणि तळ्याची?"

"थे आळशी. उठतच नाही."

ह्या दोन ओळींत मातीची लवचीकता, वाळतानाचं आकुंचन आणि भाजतानाचा ताण असे तीन विषय संपले. सिरॅमिकच्या पुस्तकात त्यांना तीन प्रकरणं लागतात, आणि तिथं मातीला लबाड म्हणायची सोयही नसते. माणूस ज्याच्यावर खार खाऊन असतो त्याच्या खोड्या त्याला तोंडपाठ असतात. काकांना माती तोंडपाठ आहे.

खादी आणि ग्रामोद्योग आयोगानं 2018 पासून कुंभार सशक्तीकरण योजनेत विजेची चाकं वाटायला सुरुवात केली. काठी घालून जड चाक गरगर फिरवायचं, ते मंदावलं की पुन्हा काठी घालायची, ह्यात गेलेले खांदे बऱ्याच कुंभारांच्या घरी दिसतात. तेव्हा ही सोय मोठीच. पण सोय झाली म्हणून कुरकुर सोडून द्यायची असा कायदा नाही. काका म्हणतात, "जुनं चाक थांबलं की आपुन दमलो हे समजे. आता आपुन दमतो अन् हे फिरतच रायते. अन् लाईन गेली का दोघं बी बसतो एकमेकाकडं पाहत."

चाकावर भांड्याचा गळा आणि काठ होतो. पोट होतं ते थापटण्यानं. आतून गोळ्याचा आधार द्यायचा, बाहेरून लाकडी थापटणं मारत मारत भिंत पातळ करत न्यायची. हेच ते थापटणं, ज्यानं तेरच्या गोरोबाकाकांनी संतांची डोकी तपासली आणि नामदेवाला कच्चं ठरवलं, अशी कथा आहे. मराठी अध्यात्मातली बहुधा ही एकमेव तोंडी परीक्षा अशी, की जिच्यात तोंडाऐवजी डोकं पुढं करावं लागलं. बाकीचे मुकाट बसले आणि पास झाले, नामदेवानं तक्रार केली आणि तो नापास झाला. मला ह्यात गोरोबाकाकांची मात्र गंमत वाटते. जमलेल्या मंडळींत ब्रह्मज्ञानाचा अधिकार असलेले पुष्कळ होते, पण पक्कं काय आणि कच्चं काय हे सांगायला शेवटी मडकीवालाच लागला.

ही परीक्षा आता गिऱ्हाइकांच्या हातात गेली आहे. मार्च उजाडला की रस्त्याच्या कडेला माठ मांडले जातात आणि वर्ध्याच्या बायका त्यांच्यावर टिचक्या मारत फिरू लागतात. जुने डॉक्टर रोग्याची पाठ ठोकून कान देत, तेवढ्याच गांभीर्यानं हे चालतं. ठण्ण वाजला तर भाजणं नीट झालं, बद्द वाजला तर कुठंतरी तडा किंवा कच्चेपणा आहे. पुरुषमंडळींना ह्यातलं काही कळत नाही. ते तोटी गळते का ते बघतात, 'हा राजस्थानी का?' असं विचारतात आणि मोबाइलवर बोलत उभे राहतात.

घडवणं काकांकडं असलं तरी विकणं काकूंकडं असतं, आणि धंद्याचा मेंदूही तिथंच असतो. एक बाई रांगेतल्या प्रत्येक माठाला टिचकी मारत चालली होती. काकू बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "ताई, माठ घेऊ रायल्या का त्याईले झोपेतून उठवू रायल्या?" बाईंनी माठ घेतला. काकूंनी भाव एक पैसाही उतरवला नाही.

ह्या माठाची करामत अशी, की तो गळतो पण बेतानं गळतो. मातीत कालवलेली लीद, भुसा आव्यात जळून जातात आणि त्यांच्या जागी बारीक छिद्रं राहतात. छिद्रांतून पाणी पाझरून बाहेर येतं, हवेत उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. एक ग्रॅम पाणी उडायला सुमारे 580 कॅलरी उष्णता लागते, आणि ती आतल्या पाण्यातूनच वसूल होते. हवा जितकी कोरडी तितकी वसुली जोरात. म्हणून पारा 45 च्या पुढं गेला, रस्त्यावर कुत्रंही दिसेनासं झालं, की वर्ध्याचा माठ ऐन भरात येतो. तोच माठ मुंबईच्या दमट हवेत नेऊन ठेवा, दिवसभर घाम गाळेल आणि काम काही दाखवणार नाही. मुंबईला गेलेल्या पुष्कळ जणांचं असंच होतं.

आमच्या विहिरीचं पाणी जड. त्यातले क्षार हळूहळू छिद्रांत बसतात आणि एखाद-दोन उन्हाळ्यांत माठ पाझरायचा थांबतो. माठ धडधाकट दिसतो, पण पाणी गार होत नाही. मग नवा घ्यावा लागतो. ज्या पाण्याला आपण वर्षभर नावं ठेवतो त्या पाण्यावर कुंभाराचा संसार चालतो. काकांनी ह्याबद्दलही समाधान व्यक्त केलेलं नाही. त्यांचं म्हणणं, लोक जुन्या माठात तुळस लावतात आणि नवा घ्यायचं लांबवतात.

बाकी प्रेरणेचं म्हणाल तर ती पंचांगात छापलेली असते. संक्रांतीला सुगडं, अक्षय्य तृतीयेला पितरांच्या नावानं पाण्याची घागर, पोळ्याला मातीचे बैल, नवरात्रात घट, दिवाळीत पणत्या. मधे लग्नं निघाली तर लग्नाची मडकी. आणि शेवटी खांद्यावरून नेऊन फोडायचं मडकं. ह्या शेवटच्या गिऱ्हाइकाकडून भाव करण्याचा प्रश्न येत नाही, पण ऑर्डरही आधी येत नाही, एवढीच अडचण. प्रत्येक सणाच्या आदल्या रात्री कुंभाराच्या घरी प्रतिभेला जो बहर येतो तो बघून कवींनी लाजावं.

पोळ्याच्या बाबतीत मात्र काकांच्या मनात एक जुनी सल आहे. पोळ्याच्या दिवशी ज्याच्या घरी बैलजोडी नाही तो मातीचे बैल पुजतो, तेवढा व्यवसाय कुंभाराचा. दुसऱ्या दिवशी असतो तान्हा पोळा, लहान पोरांचा. त्याची परंपरा नागपूरच्या भोसल्यांच्या काळापासून सांगतात, आणि आमच्या जिल्ह्यात सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा नावाजलेला. पण तान्ह्या पोळ्याला बैल असतो लाकडाचा, चाकं लावलेला. काही तर पोरापेक्षा उंच. "एका दिसाचा फरक," काका म्हणतात, "अन् सारा धंदा सुताराकडं!" मातीच्या बैलाला चाकं लावून पोराच्या हाती दोरी दिली तर गल्लीच्या तोंडाशी बैलाचं काय होईल, हे काकांनाही ठाऊक आहे. पण दावा म्हटला की विरुद्ध बाजूचे मुद्दे आपण कशाला मांडायचे?

त्यांचं थोडंफार सांत्वन करते ती मटका रोटी. लोकवन गव्हाची सैल, ताणून ताणून लांबवलेली कणीक दोन्ही हातांवर झेलत झेलत उलट्या मडक्याच्या तापल्या पाठीवर टाकायची. ही रोटी नागपूर-वर्ध्याकडची खासियत. करणारी बाई पदराला धक्का न लावता हातभर रोटी हवेत फिरवते तेव्हा लोक तिचा व्हिडिओ काढतात. खालच्या मडक्याचा कोणी काढत नाही. "उलटं पडून चटके खाते थे, अन् नाव रोटीचं," इति काका.

वर्धा जिल्ह्यातल्या मातीला सगळ्यात मोठं गिऱ्हाईक मिळालं ते 1934 मध्ये. त्या वर्षी गांधीजी वर्ध्याला आले, 1936 मध्ये शेजारच्या शेगावला राहायला गेले. घर बांधायचं तर गावातल्या सामानाचं, गावातल्या मजुरांकडून, आणि खर्च शंभर रुपयांच्या आत, अशी त्यांची अट होती म्हणतात. गावातलं सामान म्हणजे माती, बांबू, बोरू आणि कुंभाराची कवेलू, म्हणजे कौलं. त्यांच्या शिष्या मीराबेननं कुटीच्या भिंतींवर मातीचेच उठाव काढले, ताडाची झाडं काढली, चरखा काढला. गांधीजी माती नुसती भिंतीला लावून थांबले नाहीत. पोटावर मातीची पट्टी, उन्हाळ्यात डोक्यावर मातीची पट्टी, असा त्यांचा सढळ वापर होता. गावाच्या नावाचा मात्र घोटाळा झाला. पत्रं गजानन महाराजांच्या शेगावला जाऊ लागली, तेव्हा 1940 मध्ये ह्या शेगावचं सेवाग्राम केलं. व्हाइसरॉयनं आपल्या सोयीसाठी टेलिफोन बसवला. कुडाच्या भिंती, वर कवेलू, आणि साम्राज्याला जिथं फोन करून विचारावं लागतं असं ठिकाण जगात दुसरं असल्याचं ऐकिवात नाही.

1978 च्या जानेवारीत इव्हान इलिच हा मोठा विचारवंत सेवाग्रामच्या एका परिषदेला आला. कुटीत बराच वेळ बसला आणि ह्या झोपडीचा जगाला संदेश काय, ह्यावर बोलला. ते भाषण गाजलं. ह्या झोपडीत तो संदेश आमच्याकडच्या लोकांना अजून पुरता सापडलेला नाही, कारण ते माकडं हाकलण्यात गुंतलेले असतात. कवेलूच्या छपराचा खरा मालक माकड असतो. एका उडीत सात-आठ कवेलू गेली तर ती उडी साधी. दरवर्षी पावसाळ्याआधी माणूस छपरावर चढून कवेलू फेरतो, खाली उतरतो, हातपाय धुतो, आणि तेवढ्यात वर टोळी उतरते. कुंभारांच्या बाजूनं इतक्या चिकाटीनं प्रचार करणारं मंडळ दुसरं नव्हतं. पुढं लोकांनी टिना टाकल्या, स्लॅब ओतले. माकडं बेरोजगार झाली आणि त्यांच्या मागोमाग कुंभार.

तेव्हा ह्यातून वाट काढायला पुढं आलं ते वर्ध्याचंच ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र. डॉ. देवेंद्रकुमारांनी 1976 मध्ये ते सुरू केलं, मगन संग्रहालयाच्या आसऱ्यानं. मगन संग्रहालय म्हणजे 1938 च्या डिसेंबरात गांधीजींच्या हस्ते उघडलेलं ग्रामोद्योगांचं संग्रहालय. केंद्रानं कुंभाराच्या चाकावर होणारं शंकूच्या आकाराचं कवेलू पुढं आणलं. दिसायला तो एक निमुळता पेला. एकाचं बूड दुसऱ्याच्या तोंडात, दुसऱ्याचं तिसऱ्याच्या, अशी माळ लावत कमान करायची आणि कमानीला कमान जोडत छप्पर. वर मातीचा किंवा सिमेंटचा थर. लाकूड नाही, लोखंड नाही. पेले पोकळ असल्यानं आत हवा कोंडून राहते आणि ऊन खाली उतरत नाही. माकडानं उडी मारली तर माकडालाच लागतं. इटलीत रावेन्ना इथल्या सान विताले चर्चचा घुमट असाच मातीच्या पोकळ नळ्या एकमेकींत अडकवून केलेला आहे, आणि ते चर्च 547 मध्ये पूर्ण झालं. काकांना मी हे मोठ्या उत्साहानं सांगितलं. ते म्हणाले, "हजार पेले करा म्हणते, अन् एक बी वाकडा नको. थ्या इटलीच्या कुंभाराले बी शिव्याच आल्या असतीन."

ह्या शिव्यांना काळ थोडा उशिरा दाद देतो. वर्ध्याहून नागपूरच्या वाटेवर धाम नदीकाठी पवनार आहे. विनोबांचा आश्रम म्हणून आपण ते ओळखतो. वा. वि. मिराशींनी ते वाकाटकांची राजधानी प्रवरपूर असल्याचं मांडलं, आणि 1967 मध्ये नागपूर विद्यापीठातर्फे शां. भा. देव आणि म. के. ढवळीकर ह्यांनी तिथं उत्खनन केलं. उत्खननात राजाचं बहुतेक काही हाती लागत नाही, हे त्या शास्त्रातलं जुनं दुःख आहे. हाती लागतात ती खापरं. टोपल्याच्या टोपल्या खापरं. तज्ज्ञ ती ब्रशनं धुतात, प्रत्येकावर शाईनं आकडा घालतात, काठाची जाडी मोजतात आणि त्यावरून राजवटीचा काळ ठरवतात. त्या काळी जे मडकं बाजारात नेताना फुटलं असेल, ज्यावरून कुंभारणीनं कुंभाराला चार शब्द ऐकवले असतील, तेच आज काचेच्या कपाटात बसलं आहे. ताम्रपट गंजतात, राजे हरवतात, पण माती पाचशे-सहाशे अंशांच्या वर एकदा तापली की तिच्यातलं मुरलेलं पाणी कायमचं निघून जातं आणि ती पुन्हा चिखल होत नाही. फुटते, पण माघार घेत नाही. दाव्यातली ही एकच गोष्ट कुंभाराच्या बाजूनं लागलेली दिसते.

ती लागते आव्यात. कच्ची मडकी रचायची, मधे गोवऱ्या आणि पऱ्हाट्या भरायच्या, वरून गवत, खापरं, राख ह्यांचं पांघरूण घालायचं आणि पेटवून द्यायचं. तापमापक नाही. धुराचा रंग बघायचा, वारा बघायचा आणि रात्रभर जागायचं. त्या रात्री काका कोणाशी बोलत नाहीत. कोणी 'आवा छान लागला' म्हटलं तर चवताळतात, दृष्ट लागते म्हणून. पाऊस आला तर महिन्याची मेहनत मातीत जाते, आणि ती मातीही मग कामाची राहत नाही. सकाळी राख बाजूला सारून एकेक भांडं काढतात. फुटलेल्यांचा उद्धार आधी होतो, मोठ्यानं. मग एखादा माठ हातात येतो. काका टिचकी मारतात. पुन्हा मारतात. आवाज ऐकून झाला असतो, तरी तिसऱ्यांदा मारतात. मी जवळ उभा आहे हे लक्षात आल्यावर म्हणतात, "बरा हाय. थोडा जाड झाला."

त्यांचा मुलगा देवळीच्या एमआयडीसीत जातो. काकांनीच सांगितलं त्याला, ह्या धंद्यात पडू नको म्हणून. सुटीच्या दिवशी तो मदतीला येतो आणि माती तुडवतो. काका ओट्यावरून बघत असतात. "तुडवू रायला का लगीनघरी नाचू रायला? टाच मार, टाच!" मग राहवत नाही, स्वतःच खाली उतरतात आणि त्याला बाजूला सारून तुडवायला लागतात. धंदा सोड म्हणणारा बाप धंदा चुकीचा झालेला बघू शकत नाही. पोरगं कडेला उभं राहून हसतं. "बाबा, ही माती खरंच वाईट आहे का हो?" "लय वाईट," काका टाच मारत सांगतात. "हे सोडून कोन्या मातीले हात नाही लावू देत मी."

येत्या उन्हाळ्यात माठ घ्यायला गेलात तर कलेचं कौतुक करून कुंभाराला अडचणीत आणू नका. त्याला काय बोलावं ते सुचत नाही. टिचकी मारा, आवाज ऐका, काकूंनी सांगितलेला भाव द्या. माठ घरी नेऊन पाणी प्या आणि महिन्याभरानं वाटेवर थांबून सांगा, की पाणी जरा कमी गार होतं, मागच्या खेपेची माती बरी होती. फ्रिजबद्दल अशी तक्रार करायची तर हिंदीसाठी दोन दाबावं लागतं आणि पुढं अर्धा तास सनई ऐकावी लागते. इथं काका चाक थांबवतील, तुम्हाला बसायला पाट देतील, कुठल्या नाल्याची माती, कोणी लबाडी केली, वाळू किती पडली, ह्याचा पहिल्यापासून हिशेब सांगतील. चहाही सांगतील. मातीला नावं ठेवणारं दुसरं माणूस भेटल्याचा त्यांना इतका आनंद होईल, की निघताना ते एक झाकणी फुकट देतील आणि ती बसत नाही, हेही स्वतःच सांगतील.